‘हे तंत्रज्ञान आत्ता घ्यावं का?’ या प्रश्नावर करिअर करायचं असेल तर

टेक्नॉलॉजी ॲनालिस्ट म्हटलं की समोरचा पहिल्याच भेटीत विचारतो, "मग, पुढे काय येणार?" मी उत्तर देत नाही. उलट विचारते, "तुम्हाला ठरवायचं काय आहे आणि कधीपर्यंत?" या धंद्यात शिरू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न आधी पाठ करायला लावते. "एआयचा अभ्यास करून द्या" असं काम घेऊच नये. "येत्या मार्चमध्ये तपासणी लाइनवरचे जुने कॅमेरे बदलायचे आहेत. त्यांच्या जागी आपणहून दोष ओळखणारी सिस्टीम घ्यावी, की साधे कॅमेरे घेऊन दोन वर्षं थांबावं?" हे काम. इथे तारीख आहे, खर्च आहे आणि निर्णय फसला तर ज्याला जाब विचारला जाईल असा एक माणूस आहे. हे तिन्ही नसतील तर तुमचं वाचन कितीही असो, तुम्ही उंटावरचे शहाणे.

मी आले ती कारखान्याच्या क्वालिटी विभागातून. तिथून तांत्रिक खरेदीत, मग रिसर्चमध्ये आणि आता आमचा छोटा सल्लागार गट आहे. या कामाला ठरलेली पदवी नाही. माझ्या ओळखीत पत्रकारितेतून आलेले आहेत, पेटंट शोधून देणारे आहेत, शेअर बाजारात कंपन्यांचा अभ्यास करणारे आहेत. गिडियन गार्टनर वॉल स्ट्रीटवर आयबीएमचा अभ्यास करायचे आणि त्यातूनच १९७९ मध्ये त्यांनी आपल्या आडनावाची कंपनी काढली. आयडीसी १९६४ ची, फॉरेस्टर १९८३ ची. अशा रिसर्च कंपन्यांत ॲनालिस्टला एक बाजार वाटून दिलेला असतो आणि विकणारे व घेणारे दोघांशीही त्याचं बोलणं चालू असतं. मोठ्या उद्योगांत हेच काम ‘टेक्नॉलॉजी स्काउटिंग’ या नावाखाली चालतं. विद्यापीठांची तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयं आणि गुंतवणूक फंड यांनाही अशी माणसं लागतात.

कुठून सुरुवात करावी? माझं मत पक्कं आहे: घेणाऱ्याच्या बाजूनं. दोन-तीन वर्षं खरेदीत किंवा प्रत्यक्ष कामाच्या विभागात काढा. ज्यानं एक तरी नवी सिस्टीम आणून, बसवून, ती बंद पडल्यावर रात्री फोन घेतलेले असतात, त्याला डेमोत काय दाखवत नाहीत ते लगेच दिसतं. थेट रिपोर्ट लिहायला बसलेल्यांना ही नजर यायला फार वेळ लागतो.

तुकडा लहान घ्या

‘एआय’, ‘ग्रीन एनर्जी’, ‘ब्लॉकचेन’ ही क्षेत्रं एका माणसाच्या आवाक्यातली नाहीत. ‘पॅकिंग लाइनवर कॅमेऱ्यानं दोष शोधणं’ हे आवाक्यातलं आहे. अशा तुकड्यात विकणाऱ्या कंपन्या मोजता येतात, त्यांची पेटंटं वाचून होतात, वापरणाऱ्या माणसांना गाठून बोलता येतं. वर्षभरात तुम्ही त्या तुकड्यात इतके मुरता की विक्रेत्याचा सेल्समन तुमच्यापुढे जरा जपून बोलू लागतो. मग शेजारचा तुकडा घ्या.

वाचायचं काय, याबद्दल थोडं सविस्तर. बातम्या आणि प्रेस रिलीज सगळेच वाचतात, त्यामुळे त्यातून तुमचं वेगळं काही होत नाही. शोधनिबंधांचे कच्चे मसुदे अर्काइव्ह (arXiv) या साइटवर फुकट मिळतात, १९९१ पासून. पण माझा सगळ्यात लाडका खुराक म्हणजे पेटंट. युरोपियन पेटंट ऑफिसची एस्पासनेट ही पेटंट शोधायची साइट उघडा, तेही फुकट आहे. शब्द टाकून शोधत बसू नका, कारण पेटंट लिहिणारे वकील साध्या वस्तूला साध्या नावानं हाक मारत नाहीत. वर्गीकरणाच्या कोडनं शोधा. पृष्ठभागावरचे दोष प्रकाशानं शोधण्याचा कोड जी०१एन २१/८८ (G01N 21/88) आहे. तो टाकला की कोण कोण या कामात आहे ते समोर येतं, ज्यांचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही तेसुद्धा.

पेटंट उघडलं की वर्णन सोडा, आधी क्लेम वाचा. वर्णनात जगातलं सगळं करण्याची स्वप्नं असतात. हक्क मात्र क्लेममध्ये लिहिलं असेल तेवढ्यावरच मिळतो. मग तारखा पाहा. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, म्हणजे तुम्ही आज वाचताय ते त्यांचं दीड वर्षापूर्वीचं डोकं आहे. त्यानंतर अशी एक जागा, जिथे नवखे पोचतच नाहीत: पेटंट चालू ठेवण्याची फी भरली आहे का? अमेरिकेत ही फी पेटंट मंजूर झाल्यापासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी भरावी लागते. एखादी कंपनी सभांमधून ज्या तंत्राचे गोडवे गाते, त्याच तंत्राच्या पेटंटची फी तिनं भरलेली नसेल, तर त्या तंत्राबद्दल तिचं खरं मत काय हे आणखी कुणाला विचारायची गरज उरत नाही.

पेटंट संपण्याची तारीखही तितकीच बोलकी. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देणाऱ्या थ्रीडी प्रिंटिंगचं मूळ पेटंट स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये दाखल केलं होतं. ते २००९ मध्ये संपलं आणि पाठोपाठ टेबलावर मावणाऱ्या स्वस्त प्रिंटरांची लाट आली. ही तारीख कितीतरी वर्षं आधीपासून कुणालाही कळू शकत होती. तुमच्या तुकड्यातल्या महत्त्वाच्या पेटंटांच्या अशा तारखा एका तक्त्यात मांडून ठेवा. क्लायंटला यापेक्षा जास्त पटणारं भाकीत तुम्ही क्वचितच कराल.

डेमोत काय पाहायचं

डेमो हा प्रयोग असतो, नाटकाचा प्रयोग असतो तसाच. तालीम झालेली असते, प्रकाशयोजना ठरलेली असते. म्हणून जाताना आपला माल सोबत न्या. दोष असलेले आणि नसलेले, मळके, ओले, वाकडे सुटे भाग पिशवीत घालून न्या आणि "हे टाकून दाखवा" म्हणा. एकदा नीट झालं तर "पुन्हा एकदा, आता दिवे घालवून." कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला एक मुलगा नेहमी असतो. तो काय करतोय ते पाहा. चहाच्या वेळी विक्री अधिकाऱ्याला सोडून त्याच्याशी बोला. नवीन प्रकारचा माल आला की सिस्टीमला पुन्हा शिकवायला किती दिवस लागतात, आणि ते दिवस कुणाच्या खर्चानं, हे तो खरं सांगतो, कारण ते काम त्यालाच करावं लागतं.

आणि टक्के. "आमची अचूकता ९५ टक्के आहे" हे वाक्य ऐकलं की कागद काढा. समजा दिवसाला १०,००० भाग जातात आणि त्यातले १ टक्का, म्हणजे १०० भाग खराब आहेत. सिस्टीम दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक असेल तर ती १०० पैकी ९५ खराब भाग पकडेल. छान. उरलेले ९,९०० भाग चांगले आहेत, त्यातल्या ५ टक्क्यांना, म्हणजे ४९५ भागांनाही ती खराब म्हणेल. एकूण लाल दिवे ५९०. त्यातले खरोखरचे खराब ९५, म्हणजे जेमतेम १६ टक्के. आता प्रश्न विचारा: हे ५९० भाग पुन्हा हातानं कोण तपासणार? त्या माणसाचा पगार तुमच्या बचतीच्या स्लाइडवर कुठे आहे? एवढं गणित शाळेतलं पोरही करेल, पण भरल्या बैठकीत ते मांडलं की खोली गप्प होते. आमच्या धंद्यातली निम्मी पत अशा गणितांवर मिळते.

संदर्भासाठी ग्राहक मागाल तेव्हा ‘पायलट’, म्हणजे नुसता चाचणीपुरता वापर, केलेल्यांची यादी हातात पडेल. ती बाजूला ठेवा. पायलट म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. पैसे मोजून करार ज्यांनी दुसऱ्यांदा केला अशांची नावं मागा. ती यादी आखूड असेल तर हरकत नाही, पण रिकामी असेल तर तसं रिपोर्टमध्ये लिहा.

यंत्र चालतं, गाडी अडते ती दुसरीकडेच

मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी जहाजवाहतुकीतली कागदपत्रं ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांनी मिळून सांभाळायच्या सामायिक डिजिटल नोंदवहीवर, आणायला ट्रेडलेन्स हा मंच २०१८ मध्ये सुरू केला. मंच उभा राहिला, चाललाही. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. कारण कंपनीनंच दिलं होतं: सगळ्या उद्योगानं एकत्र येण्याची जी गरज होती ती पुरी झाली नाही. मला यात नवल वाटत नाही. ज्या मंचामागे एक बडी जहाज कंपनी उभी आहे, त्यावर तिच्या स्पर्धकांनी आपला व्यवहार का आणून ठेवावा? हा प्रश्न विचारायला ब्लॉकचेनचं ज्ञान लागत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक नोटमध्ये एक जागा राखलेली असते: हे यशस्वी व्हायला आणखी कुणाकुणाला आपली सवय बदलावी लागेल, आणि त्यांना त्यातून काय मिळेल?

क्यूआर कोडची गोष्ट उलटी. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटानं तो १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तयार केला. सामान्य माणसाच्या खिशात मात्र तो यायला फार काळ गेला. कोड तोच होता. कमतरता होती ती कॅमेरा आणि इंटरनेट दोन्ही असलेल्या फोनची, आणि वेगळं ॲप न उघडता कोड वाचण्याच्या सोयीची. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये ही सोय २०१७ मध्ये आली. तेव्हा "हे चालेल का" याच्या जोडीला "याच्या शेजारी अजून काय नाहीये, आणि ते कोण बनवतंय" हेही शोधत चला. थांबायचा सल्ला द्यायचा असेल तर नेमकं कशासाठी थांबायचं ते यातूनच निघतं.

चौकटी: वापरा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका

सल्लागारांना आकृत्यांचं वेड असतं. हाइप सायकल गार्टनर कंपनीनं १९९५ मध्ये आणली. नव्या तंत्राबद्दलच्या अपेक्षांचं शिखर, मग निराशेची दरी, मग हळूहळू चढण. संभाषण सुरू करायला झकास. पण दरीत पडलेली सगळीच तंत्रं वर येत नाहीत, आणि आकृतीच्या उभ्या अक्षावर अपेक्षा लिहिलेल्या असतात ज्यांना एककच नाही. अशा आकृतीवर बोट ठेवून कुणी खर्च मंजूर करू नये.

नासाकडून आलेली, तंत्र किती तयार आहे हे मोजणारी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी जास्त उपयोगी. १ म्हणजे नुसतं तत्त्व दिसलंय, ९ म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेत सिद्ध झालंय. बरेच विक्रेते पाचव्या-सहाव्या पायरीवर उभे राहून नवव्या पायरीच्या भाषेत बोलतात. त्यांना पुरावा मागा: कुठल्या परिस्थितीत चालवलं, किती काळ, कुणाच्या देखरेखीखाली.

खर्चासाठी राइटचा नियम. थिओडोर राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या उत्पादनात पाहिलं की आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगामागचा खर्च ठरावीक टक्क्यांनी उतरतो. सौर पॅनेलच्या बाबतीत हा उतार दर दुपटीला साधारण २० टक्के राहिला आहे. लक्षात ठेवा, हे दर दुपटीला आहे, दर वर्षाला नाही. शिवाय कारखान्यात एकासारखे एक लाखोंनी निघणाऱ्या वस्तूंना हा नियम मानवतो. प्रत्येक जागी नव्यानं उभारायच्या अणुवीज प्रकल्पांचा खर्च अनेक देशांत उलट वाढत गेला. कुणी "दोन वर्षांत निम्म्या किमतीला मिळेल" म्हणालं, तर त्यासाठी उत्पादन किती वेळा दुप्पट व्हावं लागेल ते मोजा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच दावा गळून पडतो.

मत आकड्यात लिहा

१९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं लिहिलं. त्यांच्यातलेच एक, शर्मन केंट यांनी नंतर आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, म्हणजे नक्की किती? उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली. एकाच कागदावर सह्या केलेल्या माणसांची ही तऱ्हा. वाचणाऱ्यानं काय समजायचं? ‘शक्यता नाकारता येत नाही’, ‘येत्या काळात’, ‘लक्षणीय’ असे शब्द मी आमच्या गटात लाल शाईनं खोडते. "पुढच्या १८ महिन्यांत यातल्या दोन तरी विक्रेत्यांची किंमत आजच्या पाऊणपटीच्या खाली येईल: ७० टक्के." असं लिहायचं.

आणि हिशेब ठेवायचा. अमेरिकेच्या हवामान खात्यात काम करणाऱ्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये याची सोपी रीत दिली. घडलं म्हणजे १, नाही घडलं म्हणजे ०. ७० टक्के म्हणालात आणि तसं घडलं, तर फरक ०.३, त्याचा वर्ग ०.०९. नाही घडलं तर ०.७ चा वर्ग, ०.४९. जितका कमी तितकं चांगलं. प्रत्येक गोष्टीला ५०-५० म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात, म्हणजे तुमची सरासरी त्याच्या खाली नसेल तर क्लायंटनं नाणं उडवलेलं स्वस्त पडेल. पहिल्या दिवसापासून एक साधी स्प्रेडशीट ठेवा: भाकीत, टक्के, तपासायची तारीख, निकाल. नोकरी बदलताना सर्टिफिकेटांपेक्षा हा कागद जास्त कामाला येतो, कारण तो दाखवणारे फार थोडे असतात.

क्लायंटला द्यायची नोट एका पानाची. पुरावे, तक्ते, मुलाखतींच्या नोंदी मागे जोडा, पण पान एकच. वरच्या कॅमेऱ्यांच्या प्रकरणात ती अशी दिसेल:

शिफारस: पूर्ण खरेदी आत्ता नको. एका लाइनवर, माणसांची तपासणी चालू ठेवून, सिस्टीम समांतर चालवा.
खात्री: ७० टक्के.
मत कशानं बदलेल: चुकीचे लाल दिवे दिवसाला १५० च्या खाली आले, किंवा पुन्हा शिकवण्याचा खर्च विक्रेत्यानं करारात स्वतःकडे घेतला.
फेरतपासणी: सहा महिन्यांनी.

तिसरी ओळ लिहिताना सगळ्यात जास्त घाम निघतो. ती लिहिता येत नसेल तर तुमचं मत अजून तयार झालेलं नाही, पुन्हा फोन लावायला बसा.

पैसे कुणाकडून

थोडक्यात सांगते, कारण यात घासाघीस नाही. एकाच व्यवहारात घेणारा आणि विकणारा दोघांकडून पैसे घ्यायचे नाहीत. सौदा झाला तर विक्रेत्याकडून टक्केवारी, हे तर कधीच नाही, मग त्याला कुणी ‘रेफरल’ म्हणो की आणखी काही. ज्या कंपनीबद्दल लिहिताय तिचे शेअर असतील किंवा गेल्या वर्षी तिचं काम केलं असेल तर ते नोटच्या तळटिपेत दडवू नका, वरच्या भागात लिहा. फी कामाच्या व्याप्तीवर ठरवा आणि व्याप्ती लेखी घ्या: कोणता प्रश्न, किती विक्रेते, किती मुलाखती, शेवटी काय हातात देणार. नाहीतर "जरा हेही बघून द्या ना" करत कामाला शेंडा-बुडखा उरत नाही. ‘घेऊ नका’ या उत्तराची फी ‘घ्या’ इतकीच, हे करार करतानाच बोलून घ्या. नंतर बोलणं अवघड जातं.

आमच्याकडे मुलाखतीला आलात तर

बायोडेटा मी चाळते तेवढाच. तीन नोटा घेऊन या, तुमच्या लहान तुकड्यातल्या: एक ‘घ्या’ म्हणणारी, एक ‘थांबा’ म्हणणारी, एक ‘घेऊ नका’ म्हणणारी. तिन्ही ‘घ्या’ असतील तर तुम्हाला विक्रीत जायला हवं, तिथे पगारही बरा मिळतो.

नंतर मी एक खरं प्रेस रिलीज देते, कंपनीचं नाव झाकून. चाळीस मिनिटं, इंटरनेट चालू, कुणालाही फोन करायची मुभा. त्यात टक्के कशाचे हे लिहिलेलं नसतं, ग्राहकांची नावं पायलटची असतात आणि ‘पेटंटेड’ असा शब्द असतो. बहुतेक उमेदवार बाजार किती मोठा आहे याचे आकडे गोळा करून आणतात. काही जण पेटंट शोधून क्लेम वाचतात. एखादी असते जी त्यातल्या ग्राहक कंपनीच्या रिसेप्शनला फोन लावून विचारते, "ते मशीन अजून वापरता का हो तुम्ही?" तिला मी दुसऱ्या फेरीला न बोलावता थेट रुजू व्हायची तारीख विचारते.